तुडवणबाई

खुर्चीवर बसण्याआधी बाई तिच्या बैठकीवर तळहात दाबून बघत. मग पाठ धरून ती हलवून बघत. मग बसत, आणि बसल्या न बसल्या तोच उठत. माझ्या कार्यालयातली लोखंडी खुर्ची माझ्याआधीच्या मुख्याध्यापकांच्या काळापासून होती, तिच्यावर साहेब लोक बसून गेले होते, पुढारी बसून गेले होते. पण बाईंचा तिच्यावर विश्वास नव्हता. पहिल्या दिवशी मला वाटलं, धूळ झटकताहेत. मी शिपायाला फडकं आणायला सांगितलं.

"धूळ नाही सर," त्या म्हणाल्या. "तपासून राहिली."

सगळ्याच बाबतीत तसं. चहाचा कप हातात आला की आई बाळाचं दूध बघते तसा एक थेंब मनगटावर टाकून बघणार. फळा पुसला की त्यावर बोट फिरवणार. आमच्या शिपायाला त्यांनी एकदा सांगितलं होतं, की शाळेची घंटा देण्याआधी एकदा हळूच वाजवून बघत जा, तडा गेला नाही ना. तो विचारात पडला. "बाई, वाजवून पाह्यली म्हणजे वाजलीच ना जी ते," तो म्हणाला. बाईंनी यावर खरोखर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, की तुझं बरोबर आहे, घंटेला तपासणी नाही. एवढी एकच गोष्ट त्यांनी तपासणीतून सोडली होती असं मला आठवतं.

एसटीत चढण्याआधी त्या पाटी वाचत, मग कंडक्टरला विचारत, मग पुढं जाऊन ड्रायव्हरला विचारत. दोघांचं उत्तर जुळलं की चढत. एकदा लाखांदूरच्या गाडीला ड्रायव्हरनं गमतीनं "गोंदिया" असं सांगितलं. बाई चढल्याच नाहीत. गाडी निघून गेली. पुढची गाडी येईपर्यंत त्या अड्याळच्या थांब्यावर येरझारा घालत होत्या, आणि हे त्यांनी मला तक्रार म्हणून नाही, आपली पद्धत कशी बरोबर आहे याचा दाखला म्हणून सांगितलं.

हे सगळं आता आमच्या भागात कुणाला आठवत नाही. आठवतं ते फक्त एक नाव. तुडवणबाई. मागच्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या एका तरुणानं मला ती गोष्ट सांगितली. इकडं कोण्या शाळेत कॉम्प्युटरची एक बाई होती म्हणे, तिला रोवणा, म्हणजे धानाची लावणी, कशी करतात तेच माहीत नव्हतं. तिनं कॉम्प्युटरवर धान लावणारी बाई बनवली आणि ती बाई लावलेलं धान तुडवत तुडवत पुढं गेली. पोरगा गोष्ट चांगली सांगत होता. हातानं करून दाखवत होता. समोरची पंगत हसली. मीही हसलो. सवयीनं हसलो.

ती गोष्ट खोटी आहे. खरी काय आहे ते मला माहीत आहे, कारण त्या शाळेचा मुख्याध्यापक मी होतो. वय झालं, रात्री झोप नसते, दिवसा बसवत नाही. हे लिहायला बसल्यापासून दोनदा अंगणात जाऊन आलो आहे.

बाई आमच्याकडे आल्या तेव्हा गोंदिया वेगळं होऊन बरीच वर्षं झाली होती, पण माझ्या कार्यालयातल्या नकाशात भंडारा जिल्हा अजून अखंड होता. बाईंनी पहिल्याच आठवड्यात तो हेरला. नवीन नकाशा मागवू, मी म्हणालो. तो कधी येणार हे मलाही माहीत नव्हतं. चार दिवसांनी त्या लाल खडू घेऊन आल्या, स्टुलावर चढल्या (स्टूल आधी हलवून बघितलं) आणि दोन जिल्ह्यांमधली सीमा आखून मोकळ्या झाल्या. "चूक दिसली की तिथंच दुरुस्त करायची सर. टेबलावर ठेवली की तिला सवय लागते."

त्या मूळच्या नागपूरच्या. गणित शिकलेल्या. आमच्याकडे तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे दरवर्षी उन्हाळ्याआधी संस्थेच्या बैठकीत त्यांना ठेवायचं की नाही ते ठरायचं. शाळेला नवे संगणक मिळाले होते आणि ते शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून बाई. वर्गात त्या कधी बसल्या नाहीत. एका हातात खडू, दुसऱ्या हातात ओली चिंधी, आणि पाय चालूच. त्यांच्या मागे मान फिरवून फिरवून पोरांच्या माना दुखत. डबासुद्धा व्हरांड्यात फिरत फिरत खात.

भारनियमनाचे दिवस होते. वीज कधी येईल, कधी जाईल, सांगता येत नसे. दुसरा कोणी असता तर वीज नाही म्हणून तास सोडून दिला असता. बाईंना उलट ते बरं वाटे. वीज नसताना ठरवायचं, वीज आली की चालवून बघायचं, असा त्यांचा नियम. ठरवणं मैदानावर चाले. एक पोर संगणक व्हायचं, बाकीची पोरं त्याला हुकूम द्यायची, आणि संगणक झालेल्या पोरानं सांगितलं तेवढंच करायचं. जास्त नाही, कमी नाही. "हातापायानं जे जमत नाही ते मशीनलाही जमणार नाही," असं त्या म्हणत.

एकदा सुजाता नावाची सातवीतली मुलगी संगणक झाली होती. पोरांनी तिला "सरळ जा" असा हुकूम दिला, आणि तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. सगळी पोरं खिचडीकडे पळाली. सुजाता सरळ जात राहिली. फाटकातून बाहेर, रस्त्यानं, बाजाराचा दिवस होता तर भाजीवाल्यांच्या मधून. शेवटी एका कांदेवाल्यानं ढिगापाशी तिला हातानं अडवलं. "कुठं चालली वं?" तर ही म्हणाली, "मले थांब म्हणलं नाही कोणी."

मी बाईंना कार्यालयात बोलावलं आणि खूप बोललो. पोर गाडीखाली आली असती तर, पालक आले असते तर, संस्थेनं मला विचारलं असतं तर. बाई टेबलासमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत ऐकत होत्या. माझं बोलणं संपल्यावर चेहरा उजळून म्हणाल्या, "पण सर, मशीननं काहीच चूक केली नाही. हुकूम अर्धा होता." दुसऱ्या दिवशी त्यांनी मैदानावर नवा नियम केला, की "जा" म्हणणाऱ्यानं "थांब" म्हटल्याशिवाय खिचडीला जायचं नाही. रागवावं की हसावं, कळेना.

त्यांचा आणखी एक नियम होता, तो मी तेव्हा नीट ऐकला असता तर बरं झालं असतं. वर्गात काही बिघडलं की पोरं सवयीप्रमाणे एकमेकांकडे बोटं दाखवत. बाई बोट धरून संगणकाच्या पडद्याकडे वळवत. "कोणी केली ते विचारायचं नाही. कुठं आहे ते विचारायचं." दिवसातून किती वेळा म्हणत असतील, गणती नाही.

त्या वर्षी जिल्ह्याचं शालेय प्रदर्शन होतं. संस्थेच्या अध्यक्षांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, की प्रदर्शनात शाळेचं नाव झालं तर कॉम्प्युटरचा वर्गही चालू ठेवू आणि बाईंनाही ठेवू, नाहीतर हा खर्च कशाला. हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की प्रदर्शन कधी आहे. पोरांनी ठरवलं, हलतं चित्र करायचं, आपल्या गावचं. विमान करू, सिंह करू, असं सुरू झालं होतं, पण सुजाता म्हणाली, रोवणा करू. तिची आई रोवण्याला मजुरीनं जात असे. बाईंनी लगेच विचारलं, रोवणा करताना पाय आधी कोणता हलतो? सगळा वर्ग धान खाणारा, धानात वाढलेला. पण कुणाला सांगता येईना.

म्हणून बाई स्वतः गेल्या. हंगामच होता. कोंढ्याच्या रस्त्याला एका बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, बायांची रांग रोवत होती. बाईंनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चपला काढल्या, पातळ खोचलं आणि चिखलात उतरल्या. आधी पायानं चिखल दाबून बघितला असणारच. तरी पडल्या. दुपारी त्या शाळेत आल्या तेव्हा कमरेपर्यंत चिखल होता, आणि तशाच वर्गात जाऊन त्यांनी पोरांना करून दाखवलं. डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, पेंडी. उजव्या हातानं चार काड्या काढून चिखलात खोवायच्या. मग एक पाय मागे, मग दुसरा पाय मागे. वाकलेलं अंग तसंच. रोवणारी बाई मागे मागे सरकते आणि तिच्यापुढं हिरवं होत जातं. पुढं गेली तर आपलंच लावलेलं तुडवेल. इथल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही, म्हणूनच कुणाला सांगता आलं नव्हतं.

पुढचे कित्येक दिवस मैदानावर पोरं वाकून मागे मागे चालत होती आणि एकमेकांवर आदळत होती.

मग चित्रं. वाकलेली बाई, हात चिखलात, हात वर, पाय मागे. एकामागून एक ही चित्रं दाखवली की बाई हलते. पहिल्यांदा चालवलं तेव्हा ती इतकी भराभर हलली, की एक पोरगा म्हणाला, हिला हिवताप आला. मग दोन चित्रांच्या मधे "थांब" हा हुकूम घातला. हे हुकूम म्हणजे पडद्यावरचे रंगीत तुकडे, लहान पोरांच्या खेळण्यासारखे एकाखाली एक जोडायचे. "सरक" या तुकड्यात आकडा घातला, की चित्र तोंडाच्या दिशेनं सरके. आकड्याच्या आधी वजा चिन्ह घातलं, की पाठीच्या दिशेनं. तेवढं मीही बाईंच्या मागे उभा राहून शिकलो होतो.

धान कापून झाल्यावर बाया रिकाम्या होत्या. बाई म्हणाल्या, आता तपासणी. आणि त्यांनी बांधीतल्या त्या बायांना शाळेत बोलावलं. माझ्या आईलाही घेऊन या, म्हणाल्या. आई तेव्हा माझ्याकडेच राहायची. उमेदीत तिनं लोकांच्या बांध्यांत रोवणा केला होता, त्यावर मी शिकलो, आणि शाळेत हे कुणाला माहीत नव्हतं. मी कधी सांगितलं नव्हतं. बाईंना कसं कळलं कोण जाणे. त्यांनी विचारलंही असेल, आईलाच.

बायांनी संगणक खोलीबाहेर चपला काढल्या आणि बाकांवर बसल्या. पडद्यावरची बाई रोवू लागली. एकदम सगळ्या बोलू लागल्या. एकीला लुगड्याचा रंग पसंत नव्हता. दुसरी म्हणाली, "कंबर पाह्य कशी ताठ हाय तिची, चिखलात गेली नाही वाटते कधी." तिसरी म्हणाली, असं चाललं तर संध्याकाळपर्यंत अर्धी बांधीबी होत नाही. यावरून त्यांचं आपसात भांडण झालं, की कोण भराभर रोवते. बाई फिरत फिरत सगळं टिपत होत्या. सुजाताची आई म्हणाली, पऱ्ह्यावर पाय पडला तर ते झोपते, उभं राहत नाही. बाई तिथंच थांबल्या. "मग ते घालायला पाहिजे. पाय लागला की रोप आडवं."

सुजाता म्हणाली, "पण बाई, पाय लागतच नाही ना. ते तर मागं जाऊन राहिली."

"नाही लागत. पण लागला तर काय होते, हे मशीनला माहीत पाहिजे."

माझी आई बाकावर बसून पडद्याकडे बघत होती, आणि तिचा उजवा पाय, बसल्या जागी, थोडा थोडा मागे सरकत होता.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी शिक्षण खात्यातले एक साहेब आले. दौरा होता, सगळ्या शाळांचे प्रकल्प बघून जात होते. कापसाच्या मुलखातले होते, स्वभावानं वाईट नव्हते. बाई भंडाऱ्याला संगणकाची बॅटरी दुरुस्त करून आणायला गेल्या होत्या. पोरं घरी गेली होती. संगणक खोलीची किल्ली माझ्याकडे होती. मी प्रकल्प दाखवला. साहेबांनी थोडं बघितलं आणि हसले.

"हेडमास्तर, ही बाई उलटी चालली आहे की."

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"प्रोग्राम उलटा बसलाय. एवढं दुरुस्त करून घ्या. तिकडं लोक हसतील."

मला फक्त एवढं म्हणायचं होतं, की साहेब, रोवणा मागेच जातो. कुणी विचारलं असतं तुम्हाला कसं माहीत, तर म्हणायचं होतं, माझी आई रोवायची. एवढंच. माझ्या तोंडून आलं, "हो साहेब. उलटं झालं."

त्यांनी सांगितलं म्हणून मी ते म्हटलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. साहेब गाडीत बसून गेले होते. त्यानंतर मी परत खोलीत आलो, खुर्ची ओढली आणि त्या तुकड्यातलं वजा चिन्ह काढून टाकलं. बाई पुढं सरकली, एकदा, दोनदा. मी बंद केलं. शेवटपर्यंत चालवून बघितलं नाही. मग शिपायाला घेऊन संगणक खोक्यात भरला आणि टेम्पोत ठेवायला लावला.

बाई संध्याकाळी रिकाम्या हातानं परत आल्या, बॅटरी दुरुस्त होण्यासारखी नव्हती. टेम्पोभोवती एक चक्कर मारली, दोऱ्या ओढून बघितल्या. मग माझ्याकडे आल्या.

"चालवून बघितलं का सर, भरण्याआधी?"

"बघितलं."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. तपासलं मी."

खोका उघडायला लावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मान हलवली आणि गेल्या. ज्या बाईनं कंडक्टरवर विश्वास ठेवला नाही तिनं माझ्यावर ठेवला.

प्रदर्शनाच्या ठिकाणी सकाळपासून वीज नव्हती. बाई मांडवातून येरझारा घालत होत्या, एकदा चालवून बघता आलं असतं तर, एकदा चालवून बघता आलं असतं तर. वीज आली ती परीक्षक आमच्या टेबलापाशी आल्यावरच. मागे गर्दी होती. शिक्षक, पालक, बहुतेक सगळे धानवाले. सुजातानं चालू केलं.

पडद्यावरची बाई वाकली, तिनं रोप लावलं, पाय पुढं टाकला आणि ते रोप आडवं झालं. दुसरं लावलं, त्यावर पाय दिला, ते आडवं झालं. तिसरं. पोरांनी इतकं मन लावून केलं होतं की रोप पडताना डोलायचंसुद्धा. आधी मागे कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळा मांडव. एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "अवो बाई, हे रोवून राहिली का तुडवून राहिली?" परीक्षकही हसले. कोणी वाईट मनानं हसलं नाही. हसण्यासारखंच होतं ते.

पोरं रडवेली झाली. "बाई, आपण तर मागं नेली होती. बाई, कोणी केलं हे?"

बाईंनी खुर्ची तपासली नाही. खुर्चीत बसल्याच नाहीत, उभ्यानंच वाकून तुकडे उघडले. त्यांना क्षणभरही लागला नाही. आकड्याआधीची रिकामी जागा त्यांनी बोटानं दाखवली. "कोणी केली ते नाही. कुठं आहे? इथं आहे." वजा चिन्ह परत घातलं आणि पुन्हा चालवलं. बाई मागे मागे जाऊ लागली, तिच्यापुढं हिरवी ओळ उमटू लागली. पण परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले होते आणि त्यांच्याबरोबर गर्दीही. परीक्षकांच्या मागे जाऊन बाई एवढंच म्हणाल्या, की तपासायचं राहून गेलं होतं, माझी जबाबदारी. मी तिथंच होतो. माझ्या हातात शाळेचा फलक होता, तो मी घट्ट धरून उभा होतो.

घरी आईला शेजारणीकडून कळलं. तिनं मला विचारलं, "काहून रे बाबू, पुढं काहून चालवली?" मी म्हणालो, बाईंची चूक झाली. ती चुलीपाशी बसली होती. "तिनं तर मागं नेली होती," ती म्हणाली. "मी पाह्यलं ना." त्यानंतर ती या विषयावर माझ्याशी बोलली नाही, जाईपर्यंत नाही. पण आमच्या घरी कोणी "तुडवणबाई" म्हटलं, की ती उठून आत जायची.

उन्हाळ्याआधी संस्थेची बैठक झाली. एक सदस्य म्हणाले, "जिले रोवणा समजत नाही ते पोट्ट्याइले काय शिकवन जी?" सगळे हसले. अध्यक्षांनी मला विचारलं, तुमचं काय म्हणणं. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत म्हणालो, संस्था ठरवेल ते. संस्थेनं ठरवलं.

लग्नातून आल्यावर तीन-चार दिवस मी घरात नुसता फिरत होतो. सून म्हणाली, बाबा, काय शोधून राहिले? शेवटी एका सकाळी लाखांदूरच्या गाडीत बसलो. कंडक्टरला विचारलं, मग पुढं जाऊन ड्रायव्हरलाही विचारलं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही.

सुजाता आता तिकडच्या एका शाळेत शिक्षिका आहे. मधल्या सुट्टीत तिनं मला व्हरांड्यात खुर्ची दिली. "जय भीम सर, इतक्या दूर? निरोप धाडला असता तर मीच आली असती." मी पाणी प्यायलो आणि सांगून टाकलं. साहेब, किल्ली, वजा चिन्ह, सगळं. वाटेत ठरवलेली वाक्यं काही आठवली नाहीत.

ती चकित झाली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली.

"आमाले माहीत होतं सर," ती म्हणाली. "त्या दिवशी किल्ली तुमच्यापाशीच होती ना. परत येताना टेम्पोतच आमी बाईले म्हणलं."

"मग बाई काय म्हणाल्या?"

"बाई म्हणल्या, सर स्वतः सांगतील. तुमी थांबा."

"आणि?"

"थांबलो आमी." ती थोडं हसली. मैदानात पोरांचा गोंधळ चालला होता, ती तिकडे बघत होती. "मग बाई गेल्या. मग आमची शाळा सुटली."

बाई आता कुठं आहेत ते तिलाही माहीत नाही. नागपूरकडे कुठंतरी शिकवतात असं कोणी म्हणतं. परतीच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली होती, पण मी बराच रस्ता दांडी धरून उभाच होतो. बाईंचा शेवटचा दिवस मला आठवत होता, आणि त्यातली एक गोष्ट, जी इतकी वर्षं मला आठवत होती पण कळली नव्हती.

त्या दिवशी त्या दुपारी माझ्या कार्यालयात आल्या. अनुभवाचा दाखला न्यायचा होता. तो मी तयार ठेवला होता, त्यात चांगलं लिहिलं होतं, उत्साही, कष्टाळू वगैरे. बाई आत आल्या आणि त्या लोखंडी खुर्चीवर सरळ बसल्या. हात दाबला नाही. पाठ हलवली नाही. बसल्या आणि बसून राहिल्या. पाय हलत नव्हते, हात मांडीवर होते. माझ्या डोक्यामागच्या भिंतीवर नकाशा होता, त्यावर त्यांची लाल रेघ. पण त्या नकाशाकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मी दाखल्यावर शिक्का मारला. शिक्का नीट उमटला नाही म्हणून पुन्हा मारला. उन्हाबद्दल काहीतरी बोललो. नागपूरच्या गाड्यांबद्दल बोललो. त्यांनी दाखल्यासाठी हात पुढं केला नाही. घाईची बाई, तिला आज घाई नव्हती. आम्ही दोघं तसे किती वेळ बसलो होतो, मला सांगता येणार नाही.

मग मी घंटी वाजवली आणि शिपायाला म्हटलं, बाईंसाठी चहा आण.

चहा यायच्या आत त्या उठल्या.